कोपऱ्यातल्या पात्रांचा पूर्वेतिहास

लाक्षागृह जळाले त्या रात्री वारणावतात सात माणसे मेली. एक पुरोचन, दुर्योधनाचा माणूस. बाकीचे सहा जण म्हणजे अन्नाच्या आशेने आलेली एक निषादी आणि तिचे पाच मुलगे. दारू पिऊन ते तिथेच झोपले. सकाळी लोकांनी कोळसा झालेली प्रेते पाहिली आणि कुंतीसह पांडव गेले असे धरून चालले. कथा पुढे सरकायला त्या सहा प्रेतांची गरज होती. आदिपर्वात त्यांची नावे नाहीत. ती बाई कोणत्या रानातून आली, मुलगे केवढे होते, घरी त्यांची वाट पाहणारे कोणी होते का, हे विचारायला कथेला सवड नाही.

कल्पित जगातल्या अशा पात्रांना भूतकाळ कोणी द्यायचा, केव्हा द्यायचा आणि किती द्यायचा, हा प्रश्न एरवी कादंबरीकाराचा. आज पुण्यातल्या अनेक तरुण मंडळींना तो दर शनिवार-रविवारी पडतो. कुणाच्या तरी घरी किंवा एखाद्या कॅफेच्या टेबलाभोवती चार-पाच जण जमतात आणि ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ खेळतात. ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. प्रत्येक खेळाडू एक पात्र घेतो: कुणी योद्धा, कुणी जादूगार, कुणी चोर. खेळ चालवणारा, म्हणजे ‘डीएम’, त्या पात्रांसमोर जग उभे करतो. काय करायचे ते खेळाडू सांगतात, जमले की फसले ते फासा सांगतो. खेळाडूंची पात्रे वगळता त्या जगात जो कोणी भेटेल, सराईवाला, पहारेकरी, पुजारी, दरोडेखोर, तो डीएमने तिथल्या तिथे उभा करायचा असतो. त्याला ही मंडळी ‘एनपीसी’ म्हणतात. डीएमने राजाचा खून, शापित तलवार, ड्रॅगनची गुहा अशी जय्यत तयारी केलेली असते, आणि खेळाडू नेमके सराईत पाणी भरणाऱ्या पोराला विचारतात, “तू इथे कधीपासून? तुझा हात कशाने भाजला?” पुढचे तीन तास त्या पोरावर जातात.

त्यामुळे दुय्यम पात्रांचा पूर्वेतिहास हा या खेळाचा कणा आहे. त्याचे तंत्र या खेळाने कसे घडवले, आपल्याकडे ते आधीपासून किती होते, आणि मराठी माणसाने यातले काय घ्यावे, काय सोडावे, याचा एकत्र विचार फारसा झालेला दिसत नाही. तो करावा असे मला मनापासून वाटते, कारण या बाबतीत आपण श्रीमंत आहोत आणि उसनवारीवर जगतो आहोत.

आधी खेळाकडे पाहू. 1974 च्या जानेवारीत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नसन यांनी अमेरिकेत हा खेळ प्रसिद्ध केला. पहिल्या छपाईच्या 1000 प्रती होत्या. तीन छोट्या पुस्तिकांच्या त्या संचात पात्राला सहा गुण, एक पेशा आणि थोडी सोन्याची नाणी एवढेच मिळत असे. आईबाप, गाव, बालपण काही नाही. पात्र तळघरात उतरायचे आणि बहुधा तिथेच मरायचे, मग त्याला भूतकाळ देऊन करायचे काय? तरीही त्या पहिल्या टेबलांवरची किती तरी नावे आज पन्नास वर्षांनी जिवंत आहेत. बिग्बी हा जादूगार रॉब कुंट्झ यांच्या तळघरात भेटलेला एक किरकोळ दुष्ट एनपीसी होता. गायगॅक्स यांच्या मॉर्डेनकायनेन या पात्राने त्याला मोहिनी घालून आपला चाकर केले, आणि पुढे तोच स्वतःच्या नावाच्या मंत्रांचा धनी झाला. मेल्फ हे नाव तर पात्राच्या कागदावरच्या नोंदीतून आले: ‘एम’ म्हणजे पुरुष आणि पुढे ‘एल्फ’. ड्रॉमिज म्हणजे जिम वॉर्ड या खेळाडूचे नाव उलटे वाचलेले. टाशा हे नाव गायगॅक्स यांना खडूने पत्रे लिहिणाऱ्या एका लहान मुलीचे.

यांतल्या कुणालाही सुरुवातीला भूतकाळ नव्हता. आधी नाव, मग मंत्र, आणि चरित्र पुष्कळ वर्षांनी. टाशाला रशियन लोककथेतल्या बाबा यागा चेटकिणीची पाळलेली मुलगी ठरवले गेले, आणि 2020 मध्ये तिच्या नावाचे एक पूर्ण नियमपुस्तक निघाले. व्हेक्ना हे उदाहरण याहून बोलके आहे. 1976 च्या एका पुरवणीत त्याचा फक्त कापलेला हात आणि काढलेला डोळा आला, तोही जादूच्या वस्तू म्हणून. माणूस कुठेच नव्हता. हात असेल तर तो कुणी कापला, डोळा असेल तर तो कुणी काढला, हे प्रश्न खेळाडूंच्या डोक्यातून गेले नाहीत, आणि त्यांच्या रेट्यानेच पुढच्या लेखकांनी हळूहळू व्हेक्ना पुरा केला. 2022 मध्ये एका गाजलेल्या अमेरिकी मालिकेने आपल्या खलनायकाला तेच नाव दिले आणि ज्यांनी हा खेळ कधी पाहिला नव्हता त्यांच्याही तोंडी ते आले.

खरी कलाटणी 1983 ची. ट्रेसी आणि लॉरा हिकमन या जोडप्याचे ‘रेव्हनलॉफ्ट’ हे या खेळासाठीचे तयार साहस त्या वर्षी आले. त्याचे मूळ एका साध्या आक्षेपात आहे. एका खेळात तळघराच्या खोलीत अचानक एक रक्तपिपासू समोर आला, आणि हिकमन यांना प्रश्न पडला की हा इथे करतोय काय? त्याला इथे यावेसे का वाटले? त्या प्रश्नातून स्ट्राड उभा राहिला: भावाच्या वाग्दत्त वधूवर जीव जडलेला, तिच्यासाठी भावाचा खून करणारा, आणि ती पुन्हा जन्माला येईल म्हणून शतकानुशतके वाट पाहणारा. आता खेळाडू स्ट्राडच्या किल्ल्यात शिरतात तेव्हा तो त्यांच्याकडून काहीतरी मागतो. त्यांच्यासोबतच्या एका मुलीत त्याला ती दिसते, आणि तिथून गोष्ट पेटते.

मला यात सगळ्या विषयाची किल्ली दिसते. पात्राचा भूतकाळ आजच्या प्रसंगात कुणाकडे तरी काही मागत असेल, तरच तो टिकतो. मागणे उधारीचे असेल, सूडाचे असेल, क्षमेचे असेल किंवा निव्वळ ओळख पटवण्याचे असेल. जो भूतकाळ नुसता सांगितला जातो आणि काही मागत नाही, तो पुढच्या आठवड्याला कुणाच्या लक्षात राहत नाही. डीएमने चार पाने लिहून आणलेली असली तरी.

या कसोटीवर ड्रिझ्टकडे पाहावे. याच खेळाच्या जगात घडणाऱ्या, आर. ए. साल्व्हाटोर यांच्या 1988 च्या ‘द क्रिस्टल शार्ड’ या कादंबरीचा नायक वुल्फगार. त्याला जोडीदार हवा होता. आधी ठरलेले पात्र वापरता येणार नाही असे कळल्यावर साल्व्हाटोर यांनी फोनवर बोलता बोलताच एक काळ्या कातडीचा, क्रूर समाजातून पळालेला एल्फ सुचवला, तोच ड्रिझ्ट. वाचकांनी नायकाला बाजूला सारून या जोडीदाराला उचलून धरले, आणि 1990 व 91 मध्ये त्याच्या जन्मापासूनच्या तीन कादंबऱ्या आल्या. त्यांतली पहिली मला आजही भिडते, कारण तिथे त्याचा समाज त्याच्याकडून काहीतरी मागतो आहे. पुढे पुढे मात्र त्याच्या आयुष्यातली प्रत्येक फट बुजवली गेली, आणि गूढ संपले तसे पात्रही पातळ झाले.

नियमांनीही हे काम करायचा प्रयत्न केला. 1977 च्या ‘ट्रॅव्हलर’ या अंतराळातल्या खेळात पात्राची सगळी कारकीर्द फाशांवर ठरते, आणि खेळ सुरू व्हायच्या आधीच नोकरीत पात्र मरू शकते. 2014 च्या ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ने प्रत्येक पात्राला पार्श्वभूमीबरोबर एक ध्येय, एक बांधिलकी आणि एक दोष लिहायला लावला. यातली बांधिलकी सगळ्यांत कामाची, कारण ती दुसऱ्या कुणाशी तरी बांधते. 2024 च्या नव्या नियमपुस्तकाने ही चौकट पार्श्वभूमीतून काढून टाकली. माझ्या मते ते नुकसान आहे. पुण्यातल्या डीएमनी जुना कागद जपून ठेवावा.

आता आपल्याकडे येऊ. इथे मी जास्त रेंगाळणार आहे, कारण विषय इथेच दाट आहे.

लॉ कॉलेज रस्त्यावरच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने 1919 मध्ये महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम हाती घेतले. 1925 पासून विष्णु सीताराम सुखटणकर त्याचे प्रमुख संपादक होते. 1943 मध्ये ते गेल्यावर श्रीपाद कृष्ण बेलवलकर आणि मग परशुराम लक्ष्मण वैद्य यांनी ते पुढे नेले. 1259 हस्तलिखिते ताडून 1966 मध्ये काम पुरे झाले आणि 19 खंड उभे राहिले. या प्रकल्पाकडे आपण पाठशुद्धीचे काम म्हणून पाहतो, ते बरोबरच आहे. पण पात्रांच्या भूतकाळात रस असलेल्याला तिथे वेगळीच संपत्ती सापडते. मुख्य पाठाखाली आणि परिशिष्टांत जे ठेवले आहे, ते म्हणजे शतकानुशतके लोकांनी पात्रांना चिकटवलेल्या गोष्टींचा साठा. गणपती महाभारताचा लेखनिक झाला ती कथा मुख्य पाठात नाही. ‘मी सूताला वरणार नाही’ असे स्वयंवरात द्रौपदी कर्णाला बजावते, तो प्रसंगही मुख्य पाठाबाहेर गेला. म्हणजे कुणाला तरी, कुठल्या तरी प्रांतात, कर्ण आणि द्रौपदी यांच्यातल्या पुढच्या वैराला आधीचे कारण हवेसे वाटले. द्यूतसभेत कर्ण इतके क्रूर बोलला, तर त्याला आधी काही लागले असले पाहिजे. हिकमन यांना रक्तपिपासूबद्दल पडलेला प्रश्न इथे कुण्या अनाम कथेकऱ्याला कर्णाबद्दल पडला होता.

मूळ पाठात टिकलेली उदाहरणे तर थक्क करतात. विदुराचे घ्या. राज्यकारभारातले त्याच्याइतके कुणाला कळत नाही आणि राज्य मात्र त्याला कधीच मिळणार नाही. याचे कारण आदिपर्व सांगते ते असे. मांडव्य ऋषी मौन धरून तप करत होते. चोर त्यांच्या आश्रमात लपले. राजाच्या माणसांनी विचारले तेव्हा ऋषी बोलले नाहीत, म्हणून त्यांनाही सुळावर चढवले गेले. ते मेले नाहीत. सूळ कापून त्यांना उतरवले, पण त्याचा तुकडा अंगातच राहिला आणि ते अणीमांडव्य झाले. त्यांनी धर्माकडे जाऊन विचारले, मी असे काय केले होते? धर्म म्हणाला, लहानपणी तू किड्यांच्या शेपटीत काडी खुपसत होतास. ऋषींनी तिथल्या तिथे दोन गोष्टी केल्या. चौदा वर्षांपर्यंतच्या मुलाच्या कृत्याला पाप म्हणायचे नाही अशी मर्यादा घातली, आणि एवढ्या लहान अपराधाला एवढी मोठी शिक्षा दिल्याबद्दल धर्मालाच शूद्र योनीत जन्म घेण्याचा शाप दिला. तो विदुर.

या कथेत काय काय आहे ते पाहा. विदुराचे ज्ञान कुठून आले ते कळते, त्याचा अधिकार का नाही तेही कळते, आणि न्याय देणाऱ्यानेच एकदा अन्याय केला होता हा डाग त्याच्यावर कायमचा राहतो. द्यूताच्या वेळी तो बोलतो, सांगतो, आणि त्याचे कोणी ऐकत नाही, तेव्हा त्या प्रसंगावर जुन्या सुळाची सावली पडते. इतक्या कमी ओळींत इतके काम करणारा पूर्वेतिहास मला दुसऱ्या कुठल्या खेळात किंवा कादंबरीत आढळलेला नाही. द्रोणांच्या घरी दुधाला महाग असलेल्या अश्वत्थाम्याला इतर पोरांनी पिठाचे पाणी दूध म्हणून पाजले आणि ते पिऊन तो आनंदाने नाचला, हाही असाच प्रसंग. त्या नाचाने द्रोण द्रुपदाच्या दारी गेले, तिथे अपमान झाला, आणि त्या अपमानाची वसुली शेवटी अश्वत्थाम्याने केलेल्या रात्रीच्या कत्तलीपर्यंत पोहोचली.

या सगळ्याकडे आधुनिक मराठी लेखकांनी दोन अगदी निरनिराळ्या नजरांनी पाहिले. वि. स. खांडेकरांची ‘ययाति’ 1959 ची. शिवाजी सावंतांची ‘मृत्युंजय’ 1967 ची, तर रणजित देसाईंची ‘राधेय’ 1973 ची. ‘मृत्युंजय’मध्ये सहा जण आपापल्या तोंडून कथा सांगतात, आणि त्यांतला शोण, राधेच्या पोटचा मुलगा, कर्णाचा धाकटा भाऊ, हा मला सावंतांचा सर्वांत मोठा शोध वाटतो. महाभारतात कर्णाचे पालक कुटुंब ओझरते येते. सावंतांनी त्यातल्या एका भावाला घोड्याच्या रथामागे धावणारे बालपण दिले, भावावरचे निस्सीम प्रेम दिले आणि भोवतालचे सगळे पाहणारे डोळे दिले. कर्णाचे मोठेपण आपल्याला पटते ते पुष्कळदा शोणच्या नजरेतून.

याच कादंबरीचा कर्ण मात्र मला पूर्ण पटत नाही. त्याच्या भूतकाळातल्या प्रत्येक जखमेने पुढच्या एकेका चुकीची भरपाई केली आहे, आणि शेवटी वाचकाने डोळे पुसण्यापलीकडे काही करायचे उरत नाही. तो भूतकाळ सहानुभूती मागतो, उत्तर मागत नाही. त्याच वर्षी आलेल्या इरावती कर्वे यांच्या ‘युगान्त’ने उलटी वाट धरली. डेक्कन कॉलेजमध्ये मानववंशशास्त्र शिकवणाऱ्या इरावतीबाईंनी भांडारकर आवृत्तीचा पाठ समोर ठेवला आणि पात्रांना सवलत दिली नाही. विदुर आणि युधिष्ठिर यांचे नाते बापलेकाचे असावे हा त्यांचा तर्क कुणाला पटो न पटो, पण तो एका जुन्या मजकुराला थेट प्रश्न विचारून काढलेला आहे: मरताना विदुर योगबळाने नेमका युधिष्ठिराच्याच देहात का शिरला? खांडववनात कृष्णार्जुनांनी जाळलेल्यांची बाजूही त्यांनी मांडली. 1968 चा साहित्य अकादमी पुरस्कार या पुस्तकाला मिळाला. दुर्गा भागवतांचे ‘व्यासपर्व’ 1962 चे, अधिक काव्यमय, पण तेही पात्राला निर्दोष ठरवायच्या भानगडीत पडत नाही. डीएमच्या टेबलावर एकच पुस्तक ठेवायचे असेल तर मी ‘युगान्त’ ठेवीन.

बाहेरची दोन उदाहरणे इथे सांगायलाच हवीत. गिरीश कार्नाडांनी ‘ययाति’ नाटकात पुरूची बायको चित्रलेखा उभी केली. सासऱ्याचे म्हातारपण नवऱ्याने घेतले, पण त्या नवऱ्याबरोबर राहायचे आहे ते तिला. तिला कोणी विचारले का? आणि महाश्वेतादेवींनी ‘कुंती ओ निषादी’ या बंगाली कथेत लाक्षागृहाचा हिशेब कुंतीपुढे मांडला. दोघांनीही मूळ कथेतला एक न विचारलेला प्रश्न उचलला. यासाठी वेगळी जादूई दुनिया रचावी लागली नाही.

पुस्तकांबाहेर, लोकांत, हे काम थांबलेलेच नाही. नंदुरबार जिल्ह्यातल्या सातपुड्यात अस्तंबा नावाचे शिखर आहे. दिवाळीच्या सुमारास आदिवासी भाविक रात्री-अपरात्री ते चढतात, कारण तिथे अश्वत्थामा आहे. कपाळावरची जखम अजून भरलेली नाही आणि तो वाटसरूंकडे जखमेला तेल मागतो, असे त्या भागात मानतात. कृष्णाच्या शापानंतर व्यासांनी सोडून दिलेले पात्र लोकांनी सांभाळले, त्याला पत्ता दिला आणि मागणे दिले. जांभूळ आख्यानात द्रौपदीच्या मनात कर्णाबद्दल असलेली ओढ एका जांभळाच्या निमित्ताने उघडी पडते. शाहीर विठ्ठल उमप ते सादर करत तेव्हा हसता हसता प्रेक्षक गप्प होत. चिकित्सक पाठाच्या तळटिपेत कर्णाला नाकारणारी द्रौपदी आहे आणि लोककलेत त्याला आठवणारी द्रौपदी आहे. दोन्ही एकाच प्रश्नाची उत्तरे आहेत.

पुणे जिल्ह्यातच जेजुरी आहे. तिथली बाणाई ही धनगराची लेक, खंडोबाची दुसरी बायको. म्हाळसेशी सारीपाट खेळताना देव हरला आणि बारा वर्षांचा वनवास पत्करून बाणूच्या बापाकडे मेंढरे राखायला राहिला, अशी कथा धनगर सांगतात. गडावर म्हाळसा आहे, बाणाईचे ठाणे खाली वाटेत आहे, आणि दोघींच्या भांडणाची गाणी वाघ्या-मुरळी गातात. फाशाच्या एका दानातून निघालेला पूर्वेतिहास आज दगडी पायऱ्यांवर उभा आहे. तिथेच मणी हा खंडोबाकडून हरलेला दैत्यही आहे. मरताना त्याने देवाला शरण जाऊन आपला घोडा दिला आणि जवळ जागा मागून घेतली. हरलेल्या शत्रूचे पुढे काय होते याचे इतके सुंदर उत्तर फार थोड्या कल्पित जगांत सापडते.

खेळण्याच्या पद्धतीबद्दल बोलायचे तर या खेळाचा आपल्याकडचा सर्वांत जवळचा नातेवाईक कोकणात आणि गोव्यात आहे. दशावताराला लिखित संहिता नसते. त्या रात्री कोणते आख्यान करायचे ते ठरते, सोंगे वाटली जातात, आणि गणपती, संकासुर झाल्यावर आख्यानाला तोंड फुटते. राजा दरबारात येतो, आपण कोण, कुणाचा मुलगा, आज मनात काय शल्य आहे ते स्वतःच्या शब्दांत सांगतो. समोरच्या नटाने त्याला तिथल्या तिथे उत्तर द्यायचे. एकाने नवा धागा सोडला की दुसऱ्याने तो उचलायचा. अडला की पेटीवाला सूर धरून त्याला श्वास घ्यायला वेळ देतो. छोटे सोंग असलेला नटही रंगला तर प्रवेश त्याचा होतो. हे सगळे कागदाशिवाय, रात्रभर, पुराणाची चौकट न मोडता. जे कौशल्य पुण्यातले डीएम परदेशी व्हिडिओ पाहून शिकू पाहतात, ते इथे पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे.

खुद्द पुणे शहरानेही एका दुय्यम माणसाला कल्पित भूतकाळ दिला आहे, आणि त्याचे परिणामही भोगले आहेत. घाशीराम सावळदास हा पेशवाईतला शहर कोतवाल. कोठडीत कोंडलेले तेलंगी ब्राह्मण गुदमरून मेले, शहर खवळले आणि 1791 च्या ऑगस्टमध्ये त्याला दगडांनी ठेचून मारण्यात आले. इतिहासात त्याची जागा एवढीच. 1863 मध्ये मोरोबा कान्होबा यांनी त्याच्या नावाचे पुस्तक लिहिले. मग 16 डिसेंबर 1972 रोजी भरत नाट्य मंदिरात विजय तेंडुलकरांचे नाटक जब्बार पटेल यांच्या दिग्दर्शनाखाली उभे राहिले. तेंडुलकरांनी घाशीरामाला पुण्यात झालेला अपमान दिला, एक मुलगी दिली, आणि ती मुलगी नाना फडणवीसांच्या स्वाधीन करून कोतवाली मिळवणारा बाप दाखवला. हा भूतकाळ कल्पित आहे. पण कोतवालाच्या क्रौर्यामागे शहराचे स्वतःचे क्रौर्य उभे करायला तो पुरला. नानांच्या चित्रणावरून वादळ उठले, प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशनने प्रयोग थांबवले, आणि त्यातून बाहेर पडलेल्या मंडळींनी थिएटर अकादमी स्थापून नाटक पुन्हा आणले.

वादात दोन्ही बाजूंना काही म्हणायचे होते. ज्याचे वंशज, ज्याची स्मृती अजून आहे अशा खऱ्या माणसाला कल्पित पाप चिकटवणे ही जड गोष्ट आहे. टेबलावर खेळणाऱ्यांनीही ती लक्षात ठेवावी. घाशीरामाकडून घ्यायची ती रचना: खालच्या अधिकाऱ्याला वरच्याने का उभे केले, त्याने त्यासाठी काय मोजले, आणि फिरण्यावर बंदी आणणारी रात्रीची तोफ झाल्यावर रस्त्यावर सापडलेल्या माणसाला तो काय मागतो. नाव दुसरे द्या, शहर दुसरे द्या. पात्र तितकेच जिवंत राहील.

आजच्या टेबलावर काय दिसते? पुष्कळ ठिकाणी अजून युरोपच्या थंडीतली सराई, दाढीवाला सराईवाला आणि लाकडी पिंपातली बिअर. यात गैर काही नाही, मूळ खेळ तिथला आहे. पण त्या सराईवाल्याचा भूतकाळ सांगायची वेळ आली की आपल्या मुलांना अडखळायला होते, कारण तो त्यांनी फक्त वाचलेला असतो. खेळाच्या प्रकाशकांनी भारताकडे कसे पाहिले ते 1980 च्या ‘डीइटीज अँड डेमिगॉड्स’मध्ये दिसते, जिथे इंद्र, अग्नी, काली यांना मारामारीचे आकडे लावले गेले. पूजेतल्या देवतेला किती फटके बसले की ती मरते हे छापणे मला तेव्हाही चूक वाटले असते आणि आजही वाटते. 2022 मध्ये मात्र ‘जर्नीज थ्रू द रेडिएंट सिटाडेल’ या संग्रहात मिमी मंडल यांनी बंगालच्या नद्यांवरून शंखभूमी हा प्रदेश रचला. तिथल्या माणसांना पूर, बेटे, मळी यांतून आलेला भूतकाळ आहे. देवांची नावे जशीच्या तशी उचललेली नाहीत. हाच रस्ता योग्य आहे.

मराठीतही तो सहज धरता येईल. घाटमाथ्यावरची खिंड आणि तिथे जकात घेणारा नाकेदार. दुष्काळात मेंढरे घेऊन उतरलेला आणि परतीची वाट बंद झालेला धनगर. नदीला धरण झाल्यावर पाण्याखाली गेलेल्या देवळाचा गुरव, जो अजून रोज काठावर दिवा लावतो. यांतल्या प्रत्येकाला एक मागणे द्यावे. नाकेदाराला आपल्या भावाच्या जकातचुकवेगिरीवर पडदा हवा आहे. धनगराला हरवलेला कुत्रा हवा आहे, कारण त्याच्या गळ्यातल्या पट्ट्यात काहीतरी शिवलेले आहे. गुरवाला कोणीतरी पोहणारा हवा आहे. खेळाडूंनी एक प्रश्न विचारला की खेळ सुरू होतो, आणि चार पानांचे चरित्र लिहायची गरज उरत नाही. भूतकाळातली एखादी फट मुद्दाम मोकळी ठेवावी. ती भरायचे काम खेळाडूंचे.

माझी पुण्यातल्या डीएम मंडळींना विनंती आहे की त्यांनी आपल्या वह्यांतली अशी पात्रे मराठीत लिहून एकमेकांना द्यावीत, शेजारच्या टेबलावरच्या पात्राला आपल्या टेबलावर वेगळा भूतकाळ द्यावा आणि तो परत सांगावा. ‘युगान्त’ वाचावे. आणि एकदा तरी कार्तिकानंतरच्या एखाद्या जत्रेला सिंधुदुर्गात जाऊन रात्रभर दशावतार पाहावा. छोटे सोंग घेतलेल्या नटाकडे विशेष लक्ष द्यावे. तो आपली ओळख दोन-चार वाक्यांत कशी करून देतो आणि राजाकडे काय मागतो, ते तिथेच शिकायला मिळते.